घरासाठी सोलर, पवनचक्की, बॅटरी... नक्की कुठून सुरुवात करायची?

निळी_गच्ची
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढतेय. घर स्वतःचं आहे, वर सपाट गच्ची, पाच माणसं. बिल वाढतंय म्हणून स्वतःची वीज करायचं डोक्यात घेतलं आणि डोक्याचा भुगा झालाय. एकजण म्हणतो ५ किलोवॅट ऑनग्रिड टाका, दुसरा म्हणतो हायब्रिड आणि मोठी बॅटरी घ्या, तिसऱ्याने तर गच्चीवर छोटी पवनचक्की आणि सोलर असं जोडपॅकेजच दिलंय, म्हणे रात्रीपण वीज मिळेल. प्रत्येकाचं बोलणं ऐकलं की तेच बरोबर वाटतं. घरात फ्रिज, पंखे, एक एसी, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, गीझर असं सगळं नेहमीचं आहे. संध्याकाळी अधूनमधून लाईट जाते तो त्रास वेगळाच. कोणी अनुभवी माणसाने जरा क्रमाने सांगाल का? मला व्होल्ट अँपियर फारसं कळत नाही हे आधीच सांगते.

टिनपाट
सोलर. डोळे झाकून.

अर्धवट_वायरमन
डोळे झाकून काहीच घेऊ नका ताई, विशेषतः छतावर २५ वर्षं राहणारी वस्तू.

तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत, आणि विकणाऱ्यांनी ते मिसळलेलेच राहू दिलेत कारण त्यात त्यांचा फायदा आहे. एक, बिल कमी करायचं. दोन, लाईट गेल्यावर अंधारात बसायचं नाही. या दोन्हीला लागणारं सामान वेगळं आहे. साधी ऑनग्रिड सिस्टीम, म्हणजे बाहेरच्या लाईनला (ग्रिडला) जोडलेली, बिल मस्त कमी करते पण लाईट गेली की तीही बंद पडते, भर दुपारी रणरणत्या उन्हातसुद्धा. हे बहुतेकांना बसवल्यानंतर कळतं. कारण असं की बाहेरची लाईन बंद करून कोणीतरी खांबावर काम करत असेल आणि तुमच्या छतावरून त्या तारेत करंट आला तर तो माणूस जायचा. म्हणून ग्रिड गेलं की इन्व्हर्टरने, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्यासारखी करणाऱ्या पेटीने, काही क्षणांत स्वतःहून तुटायचं, हा नियम जगभर आहे. बॅकअप पाहिजे तर बॅटरीवाली हायब्रिड किंवा वेगळा इन्व्हर्टर-बॅटरी सेट लागतो.

तर आधी हे ठरवा, तुम्हाला जास्त काय टोचतंय? बिल की अंधार?

निळी_गच्ची
बाप रे, हे तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही. मी तर समजून चालले होते की सोलर लावलं की लाईट जायचा प्रश्नच मिटला. जास्त टोचतं ते बिल. अंधाराचं म्हणाल तर पंखे, दिवे, वायफाय आणि फ्रिज एवढं चाललं तरी बास, एसी नाही चालला तरी चालेल.

मीटररीडर
छान, म्हणजे अर्धं काम झालं. आता माझं नेहमीचं तुणतुणं. सिस्टीम निवडायच्या आधी मीटर बघा. बिलावर महिन्याचे युनिट असतात पण ते *कधी* जळले ते नसतं, आणि सगळी गोम त्या 'कधी'मध्येच आहे. रोज सकाळी उठल्यावर, मग आठ-नऊ वाजता ऊन लागल्यावर, मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर असं मीटरचं रीडिंग वहीत लिहा. आठवडाभर करा. कपडे धुवायचा दिवस, एसी चाललेला दिवस अशी बाजूला खूण करा. त्यानंतर या, मग बोलू.

चक्रीवादळ
तोवर पवनचक्कीचं मी सांगतो कारण ते पॅकेज वाचून माझा जीव तुटला.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. ऐकायला मस्त वाटतं पण उलट बाजूने बघा, वेग निम्मा झाला की शक्ती आठवा हिस्सा. दोन मीटर व्यासाची चक्की धरा, छतावर साधारण एवढीच बसते. ताशी १४ किमी वारा, म्हणजे ४ मीटर प्रति सेकंद, झाडाची पानं चांगली हलतील एवढा. त्या गोल क्षेत्रातून जाणाऱ्या वाऱ्यात एकूण शक्ती असते १२० वॅटच्या आसपास. ती सगळी कधीच काढता येत नाही. वारा पूर्ण थांबवला तर मागून येणारा वारा जाणार कुठे? बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमाराला गणित मांडून दाखवलं की जास्तीत जास्त ५९.३ टक्के. आणि घरगुती छोट्या चक्कीला प्रत्यक्षात त्याच्या निम्मी मिळाली तरी नशीब, म्हणजे हातात येतात ३०-३५ वॅट. एक पंखा.

माहितीपत्रकावर मात्र '१ किलोवॅट' लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरात बघा, तो आकडा सहसा ११-१२ मीटर प्रति सेकंदाला दिलेला असतो, म्हणजे ताशी ४० किमीच्या वर. तुमच्या गच्चीवर असा वारा किती तास असतो ते तुम्हीच सांगा. आणि त्या आकड्याला किती व्यासाचं पातं लागतं हेही ताडून बघा, कधीकधी तो दावा वाऱ्याच्या एकूण शक्तीपेक्षा जास्त निघतो!

त्यात गच्चीवरचा वारा असतो गढूळ. भिंतीला, कठड्याला, टाकीला आपटून भोवरे होतात. पात्याचं खालचं टोक आसपासच्या ३०० फुटांतल्या कुठल्याही अडथळ्याच्या निदान ३० फूट वर पाहिजे असा ठोकताळा आहे. म्हणजे उंच मनोरा, त्याचे ताण, वस्तीपासून लांब मोकळी जागा. आणि छतालाच बांधली तर थरथर स्लॅबमधून खाली झोपायच्या खोलीत उतरते ते वेगळं.

निळी_गच्ची
पवनचक्की कॅन्सल :)

पणती
चक्रीवादळ, आयडी तुमचा आणि पवनचक्कीला विरोधपण तुमचाच, मजाय.

चक्रीवादळ
मी विरोधात नाही हो. माझ्याकडे उघड्या टेकाडावर आहे, उंच मनोऱ्यावर, आणि अंधाऱ्या थंडीच्या महिन्यांत जेव्हा पॅनल झोपलेले असतात तेव्हा तीच घर चालवते. जागा असेल तर सोनं. चारी बाजूंनी घरं असतील तर शोभेची वस्तू. ज्यांना खरंच करायचंय त्यांनी आधी त्या उंचीवर वेगमापक लावून वर्षभर नोंदी घ्याव्यात. ग्लोबल विंड ॲटलास नावाचा वाऱ्याचा नकाशा नेटवर फुकट आहे, पण त्यावरून परिसराचा अंदाज येतो, तुमच्या कठड्यामागचा भोवरा त्यात दिसत नाही.

उतरणीचं_पाणी
अवांतर, पण कोणाच्या जमिनीतून बारमाही ओढा उतारावरून जात असेल तर त्याने सोलर-बिलर सगळं बाजूला ठेवून आधी पाण्याचा विचार करावा. सेकंदाला १० लिटर पाणी आणि १० मीटर उतार असेल तर सैद्धांतिक ९८० वॅट, पाईपमधली घट, टर्बाईन, जनरेटर सगळं धरून निम्मे मिळाले तरी ५०० वॅट. थोडे वाटतात? पण ते रात्रंदिवस चालतात, दिवसाला १२ युनिट. बॅटरी नावालाच लागते. मात्र उन्हाळ्यात ओढ्याला किती पाणी उरतं ते मोजा, पावसाळ्यातलं बघून हुरळू नका. आणि पाणी वळवायला परवानगी लागते बहुतेक ठिकाणी.

पणती
आणि गोबरगॅस कोणीच काढला नाही? जनावरं असतील तर स्वयंपाकाचं इंधन सुटतं आणि वर उत्तम खत. गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. पण त्यावर वीज बनवायच्या भानगडीत घरगुती पातळीवर पडू नये, सरळ शेगडीला जोडावा. शहरी घराला लागू नाही म्हणून इतकंच.

निळी_गच्ची
आले रीडिंग घेऊन! सरासरी रोजचे ११ युनिट. त्यातले ऊन असताना साधारण ४ जातात, उरलेले ७ संध्याकाळ-रात्र-पहाट मिळून. आणि गंमत म्हणजे पहाटे उठल्यापासून आठ वाजेपर्यंतच ३ च्या वर जातात, तेव्हा तर एसी बंद असतो, सगळे नुसते आंघोळ करून पळत असतात.

मीटररीडर
हा बघा चोर सापडला. गीझर!

हिशोब सोपा आहे. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिट लागतात. यात कुठल्याही कंपनीची हुशारी चालत नाही, पाण्याला लागते तेवढी उष्णता लागतेच. म्हणजे तुमच्या रोजच्या विजेचा तिसरा हिस्सा पाणी तापवण्यात जातोय, आणि तोही ऊन चढायच्या आधी, जेव्हा सोलर पॅनलचा उपयोग जवळपास शून्य.

माझं मत विचाराल तर पहिलं पाऊल इथे टाका, पॅनलवर नाही. गरम पाण्याचा सोलर हीटर हे छतावर येणारं सगळ्यात कमी कटकटीचं यंत्र. फोटोव्होल्टाइक, म्हणजे वीज बनवणारा, पॅनल उन्हातल्या शक्तीचा २०-२२ टक्के भाग विजेत रूपांतरित करतो, पाण्याचा कलेक्टर त्याच उन्हाचा निम्म्याहून जास्त भाग उष्णतेत पकडतो. दिवसा तापलेलं पाणी टाकीत रात्रभर गरम राहतं, म्हणजे टाकी हीच तुमची बॅटरी. तिच्या चार्ज-डिस्चार्जच्या सायकल संपत नाहीत.

ओहमचा_नियम
मीटररीडर यांच्याशी निम्मा सहमत. गरम पाणी आधी हे बरोबर, पण सोलर हीटरच का? हीट पंप बघा. तो वीज घेऊन पाणी तापवत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो, फ्रिजच्या उलट. १ युनिट विजेत ३ युनिटची उष्णता सहज मिळते. दुपारी पॅनलच्या विजेवर चालवला की झालंच. छतावर प्लंबिंग नाही, खाऱ्या पाण्याने काचनळ्या आणि टाकीत साका धरायचा प्रश्न कमी, आणि पॅनलची जी वीज उरेल ती बाकी घराला. सोलर हीटरला पाणी तापलं की वरचं ऊन वायाच जातं.

मीटररीडर
वायाच जाऊ द्या ना, फुकटचंच आहे ते! हीट पंपात कॉम्प्रेसर आहे, गॅस आहे, पंखा आहे, बिघडणाऱ्या गोष्टी आहेत. थर्मोसायफनच्या हीटरमध्ये हलणारा भाग एकही नाही, गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, फक्त टाकी कलेक्टरच्या वर पाहिजे. पाणी जड असेल तर हीट एक्स्चेंजरवाला घ्यायचा, म्हणजे आतलं पाणी तेच ते फिरतं आणि साका धरत नाही.

हिमकण
थंड प्रदेशातून बोलतेय. आमच्याकडे साधा पाण्याचा कलेक्टर पहिल्याच गोठणाऱ्या रात्री फुटतो, त्यात ग्लायकॉल मिसळलेलं न गोठणारं द्रव, पंप, कंट्रोलर सगळं लागतं आणि मग मीटररीडरकाका म्हणतात तो साधेपणा राहत नाही. म्हणून इकडे बरेच लोक हीट पंपाकडे वळलेत. थोडक्यात तुमच्याकडे गोठतं का त्यावर आहे.

थंडीवरून आठवलं, लोकांना वाटतं सोलर पॅनलला उष्णता पाहिजे. उलटं आहे! पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता त्याचा शत्रू. पाटीवरचा वॅटचा आकडा २५ अंश सेल तापमानाला दिलेला असतो, आणि भर उन्हात सेल ६०-६५ पर्यंत जातात. दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घट. म्हणजे कडक उन्हाळ्याच्या दुपारी १२-१४ टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटवून बसवू नका, खालून हवा खेळली पाहिजे. आणि थंडीच्या सकाळी व्होल्टेज वाढतं, त्यामुळे एका ओळीत किती पॅनल जोडायचे हे तिथल्या सगळ्यात थंड पहाटेच्या हिशोबाने ठरवतात, नाहीतर इन्व्हर्टर जळतो.

निळी_गच्ची
आमच्याकडे गोठत नाही. पाणी मात्र जड आहे, बादलीला पांढरे डाग पडतात. गरम पाणी आधी हे पटलं, हीटर की हीट पंप ते दोन्हीचे कोटेशन आले की ठरवते. आता गीझर बाजूला काढला तर रोजचे साडेसात-आठ युनिट उरतात. मग ५ किलोवॅट कशाला लागतंय?

अर्धवट_वायरमन
नाही लागत. ताई तुम्ही म्हणता व्होल्ट अँपियर कळत नाही आणि बरोबर मुद्द्यावर बोट ठेवता.

ढोबळ हिशोब असा: किलोवॅट गुणिले रोजचे पूर्ण उन्हाचे तास गुणिले ०.७५. पूर्ण उन्हाचे तास म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त नव्हे, दिवसभराचं कमीजास्त ऊन एकत्र करून भर दुपारच्या ताकदीचे किती तास भरतात ते. तो ०.७५ म्हणजे उष्णता, धूळ, तारा, इन्व्हर्टर वगैरेंची वजावट. तुमच्याकडे साडेचार तास धरले तर २ किलोवॅटला पावणेसात युनिट, ३ ला दहा. म्हणजे अडीच ते तीन किलोवॅट पुरे. पीव्हीजीआयएस नावाचं युरोपियन कमिशनचं फुकट साधन आहे, नकाशावर घर दाखवून कोन आणि दिशा भरली की महिन्यागणिक अंदाज मिळतो. सगळे देश त्यात नाहीत पण बरेच आहेत. विकणाऱ्याचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा, फार वर असेल तर विचारायचं कसं काय.

जागा म्हणाल तर १ किलोवॅटला पॅनलच ५ चौरस मीटर खातात, मध्ये चालायला आणि धुवायला वाट सोडली की जवळपास दुप्पट धरा. ती वाट सोडाच. ओळखीच्या एका घरी बसवणाऱ्याने कठड्यापर्यंत पॅनल ठासून भरले, आता मधली रांग धुवायची तर माणूस पॅनलवर गुडघे टेकून जातो.

दिशेचं: उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला, कोन साधारण तिथल्या अक्षांशाएवढा. थोडं इकडेतिकडे झालं तर फार बिघडत नाही. ज्यांचा वापर सकाळी आणि संध्याकाळी जास्त आहे त्यांनी पूर्व-पश्चिम असे दोन भाग केले तर एकूण वीज थोडी कमी पण दिवसभर पसरून मिळते.

सावलीतला
सावलीबद्दल कोणी बोललंच नाही अजून!! कोनापेक्षा सावली महत्त्वाची.

पॅनलमधले सेल एकामागून एक ओळीने जोडलेले असतात, पाण्याच्या नळीला कुठेही एका ठिकाणी चिमटा बसला तरी पुढचा सगळा प्रवाह आटतो तसं. एका कोपऱ्यावर टाकीची सावली पडली तर फक्त तेवढाच कोपरा कमी होत नाही. साधारण पॅनलमध्ये तीन बायपास डायोड असतात, ते सावलीतला तिसरा हिस्सा वळसा घालून सोडून देतात, म्हणजे तळहाताएवढ्या सावलीने पॅनलचा एक तृतीयांश गेला. हाफकट सेलवाल्या पॅनलमध्ये वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगळा चालतो म्हणून जरा बरं.

ताई, एक काम करा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला गच्चीवर जाऊन सावल्यांच्या कडा खडूने आखा. टाकी, जिन्याची खोली, डिश अँटेना, शेजारचं झाड. साधा टाकीवरचा हवेचा पाईप असतो ना, बोटभर जाडीचा, त्याची सावलीपण आखा, ती दिवसभरात काट्यासारखी फिरत तीनचार पॅनलांवरून जाते. आणि लक्षात घ्या की हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सावल्या खूप लांब होतात, उन्हाळ्यात आखलेलं पुरेसं नाही. सावली टाळताच येत नसेल तर मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर घ्यावा, प्रत्येक पॅनल स्वतंत्र काम करतो. सावली नसेल तर त्यावर खर्च करू नये, उगाच छतावर बिघडायला जास्त वस्तू.

टिनपाट
म्हणजे शेवटी सोलरच. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं :D

ओहमचा_नियम
टिनपाट, धन्य आहात.

बॅटरीवर येऊ. ताईंना पंखे, दिवे, वायफाय, फ्रिज एवढंच पाहिजे. पंखे चार, कमी वीज खाणारे बीएलडीसी असतील तर ३० वॅटप्रमाणे १२०. जुने असतील तर ७५ चे ३००, म्हणून आधी पंखे बदला, बॅटरी जवळपास निम्म्यावर येईल. दिवे ६०, राउटर १०-१५, फ्रिज सरासरी ५०. झाले अडीचशे वॅट. पाच तास लाईट गेली तर सव्वा युनिट. बस एवढंच! त्यासाठी १० युनिटची भिंतीएवढी बॅटरी विकणाऱ्याला नमस्कार करा.

जुनी लेड ॲसिड १२ व्होल्ट १५० अँपियर-अवर म्हणजे १.८ युनिट लिहिलेली, पण निम्म्यापेक्षा खाली रोज उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हातात ०.९. शिवाय डिस्टिल्ड वॉटर भरा, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो म्हणून हवेशीर जागा. लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला एलएफपी म्हणतात, ती ८०-९० टक्के वापरता येते आणि सायकल हजारोंच्या घरात, ३०००च्या वर सहज. टाकलेली वीजही जास्त परत मिळते, लिथियमला ९० टक्क्यांच्या वर, लेड ॲसिडला ७५-८५. अडीच युनिटची एलएफपी तुम्हाला पुरून उरेल. फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, हिमकण यांनी लक्षात ठेवावं.

अजून एक. बॅकअपचा डीबी, म्हणजे स्विच-फ्यूजची पेटी, वेगळा करून घ्या, त्यात मोटर, गीझर, एसी घालायचे नाहीत. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो, मग घरभर आरडाओरडा.

पणती
बॅटरीच नको असं का नाही म्हणत कोणी? जास्तीची वीज ग्रिडला द्यायची आणि रात्री परत घ्यायची, ग्रिडच बॅटरी.

मीटररीडर
जिथे दिलेल्या युनिटला घेतलेल्या युनिटएवढीच किंमत मिळते, म्हणजे नेट मीटरिंग, तिथे अगदी बरोबर. पण हे नियम कायमचे नसतात. जर्मनीने २००० साली कायदा करून ग्रिडला दिलेल्या विजेला २० वर्षं ठरलेला दर दिला, त्याने छतावरचं सोलर फोफावलं, नंतर नव्या लोकांचे दर उतरत गेले. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नवीन जोडणीवाल्यांना बाहेर दिलेल्या विजेचा मोबदला खूप कमी केला, आणि लगेच तिकडे बॅटरी घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. तेव्हा तुमच्या भागातला *आजचा* नियम विचारा, आणि जुन्या ग्राहकाला तो किती वर्षं लागू राहील हेही लेखी विचारा.

आणि नियम काहीही असो, वॉशिंग मशीन, मोटर, इस्त्री दुपारी बारा ते तीनमध्ये ढकला. टायमर लावा. जी वीज तिथल्या तिथे वापरली तिला कुठलाच नियम लागत नाही.

भाडेकरू_कायमचा
आम्ही भाड्याच्या घरात, आमच्यासाठी काही आहे का, की नुसती वाचनखूण साठवायची?

हिमकण
आहे की. युरोपात बाल्कनी सोलर जोरात आहे, कठड्याला दोन पॅनल, छोटा इन्व्हर्टर, सरळ प्लगमध्ये. जर्मनीत २०२४ मध्ये त्याची मर्यादा ६०० वरून ८०० वॅट केली. जाताना काढून न्यायचं. पण हे आपल्या भागात चालतं का ते विचारल्याशिवाय प्लगमध्ये काही खुपसू नका, आणि कठड्याला घट्ट बांधा, वाऱ्याने पॅनल खाली पडला तर कोणाच्या तरी डोक्यात.

सिनिकल_सूर्य
सगळे खूष आहेत म्हणून एक काडी टाकतो. पॅनल बनवायलाच इतकी ऊर्जा जाते की ती कधी वसूल होत नाही असं ऐकलंय. आणि २५ वर्षांनी तो कचरा कुठे टाकायचा?

ओहमचा_नियम
पहिलं जुनं झालं. १९५४ मध्ये बेल लॅबने पहिला उपयोगी सिलिकॉन सेल दाखवला तेव्हा कार्यक्षमता ६ टक्के होती, तेव्हा हा प्रश्न रास्त होता. आजचा पॅनल बनवायला लागलेली ऊर्जा दोन-तीन वर्षांच्या आत परत देतो, चांगलं ऊन असेल तर त्याहून लवकर, आणि पुढे वर्षाला अर्धा टक्का वगैरे घसरत दोन दशकांच्या वर चालतो.

कचऱ्याचा मुद्दा मात्र खरा आहे. वजनात बहुतेक काच आणि ॲल्युमिनियम, ते निघतं. सिलिकॉन-चांदी वेगळी करणं किचकट. युरोपियन युनियनने २०१२ पासून पॅनल ई-कचऱ्याच्या नियमात घातलेत, बनवणाऱ्यावर जबाबदारी. सगळीकडे असं नाही. घेताना विचारा, कोणी उत्तर देत नाही ही गोष्ट वेगळी.

अर्धवट_वायरमन
ताई, कोटेशन मागताना एवढं लेखी घ्या: पॅनलचं आणि इन्व्हर्टरचं नेमकं मॉडेल, नुसतं 'नामांकित कंपनीचे' नाही. वर्षाला किती युनिट येतील. स्ट्रक्चरचं लोखंड गरम बुडवून गॅल्व्हनाइझ केलेलं आहे का, नुसता रुपेरी रंग मारलेला नको, कापलेल्या आणि भोक पाडलेल्या जागी बघा, गंज तिथून सुरू होतो. स्लॅबला भोकं पाडणार की काँक्रीटचे ठोकळे ठेवणार, आणि गळती झाली तर जबाबदारी कोणाची.

डीसी बाजूला, म्हणजे पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत, मस्करी नाही. पॅनलच्या एका ओळीचं व्होल्टेज कित्येकशे व्होल्ट असतं, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही कारण तो करंट मध्ये शून्यावर येतच नाही, ठिणगी जळत राहते. म्हणून डीसी आयसोलेटर (डीसी तोडायचा खटका), एसपीडी (विजेच्या अचानक झटक्यापासून वाचवणारं), चांगलं अर्थिंग, उन्हात न तडकणारी सोलर केबल हवीच. पॅनलच्या तारा जोडणारे एमसी४ कनेक्टर दोन्ही बाजूला एकाच कंपनीचे पाहिजेत, वेगवेगळ्या कंपनीचे एकमेकांत बसतात, टिक आवाजही येतो, पण आत पकड नीट नसते आणि काही वर्षांनी तिथेच वितळतं. आणि पॅनलची २५ वर्षांची वॉरंटी ऐकून भुलू नका, इन्व्हर्टर १०-१५ वर्षांत एकदा बदलावाच लागतो, तो खर्च आताच धरा.

निळी_गच्ची
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. सध्याचं ठरलेलं असं: आधी गरम पाणी. मग ३ किलोवॅट पॅनल. इन्व्हर्टर हायब्रिड, आणि अडीच युनिटची एलएफपी, पंखे त्याआधी बदलणार. खडूने सावल्या आखून झाल्यात, टाकी अडीच फूट उत्तरेला सरकवली की एक अख्खी रांग मोकळी होते असं दिसतंय, आमच्याकडे पॅनलचं तोंड दक्षिणेला.

शेवटचा प्रश्न, इन्व्हर्टर कुठे लावू? बसवणारा म्हणतो गच्चीवरच पॅनलखाली, केबल वाचते. मला जिन्याखालची जागा बरी वाटतेय.

सावलीतला
टाकी सरकवायच्या आधी खाली बीम कुठून जातो ते बघा, भरलेल्या हजार लिटर टाकीचं वजन एक टन असतं. मधल्या स्लॅबवर नको.

अर्धवट_वायरमन
जिन्याखालीच. गच्चीवर तापला की तो स्वतःला वाचवायला वीज कमी करतो, नेमका भर दुपारी, जेव्हा सगळ्यात जास्त मिळणार असते. जिन्याखाली हवा खेळती आहे ना बघा, चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा, मुलांचा हात पोचणार नाही अशी उंची. भिंतीच्या पलीकडे झोपायची खोली असेल तर पंख्याची घुरघुर ऐकू येते, दुसरी भिंत घ्या. केबल थोडी लांबेल, जाडी त्या हिशोबाने घ्यायला सांगा आणि डीसीची केबल घरातून नेताना पाईपमधूनच न्यायची, उघडी नाही.

निळी_गच्ची
पलीकडे कोठीची खोली आहे, घुरघुरू दे. बीम बघायला मिस्त्रीला उद्या बोलावलंय.